छोट्या लाइनीवरचा जेवणाचा डबा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

निळा रंग निघाला एकदाचा! चार रविवार खरवडतोय. गोदाम म्हणून वापरताना कुणीतरी लाकडावर, पत्र्यावर, पितळेवर — दिसेल तिथं निळा फासून ठेवला होता. आज अनुपमाने खिडकीची कडी घासली आणि खालून पितळ चमकलं. बँकेत नोकरी करणारी पोरगी, पण हात फिटरचा. तिला तसं म्हणालो. लाजली.

आम्ही पाच-सहा जण पूर्णा स्टेशनामागं पडून असलेली जुनी डायनिंग कार नीट करतोय. छोट्या लाइनीची, म्हणजे मीटरगेजची. रीतसर परवानगी काढून, हौसेनं. शेजारच्या हरिओमला सांगितलं, जेवणाचा डबा दुरुस्त करतोय. म्हणाला, काका, स्टीलचा नवा घ्या की!

घरी हिला पितळेचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. पुन्हा शेंगा फोडत बसली.

९ नोव्हेंबर

बन्सीधर सुताराशी वाजलं. टेबलांच्या कडेच्या पट्ट्या काढू म्हणे, डबा आता कुठं पळणार आहे. मी म्हणालो, ताट घसरू नये म्हणून असते ती पट्टी. ती काढली तर टेबल रेल्वेचं कसं राहील? रंधा आपटून बाहेर गेला. मग स्वतःच नव्या सागवानी पट्ट्या बसवल्या. सांधा नखाला लागत नाही! माणूस तिरसट, पण हाताला तोड नाही. लोक माझ्याबद्दलही असंच म्हणतात — निदान पहिलं अर्धं.

१२ नोव्हेंबर

हिला म्हणालो, रविवारी चल, बघून ये. गुडघे दुखतात म्हणाली. बाजाराच्या दिवशी दुखत नाहीत.

१६ नोव्हेंबर

कधी लिहिलं नाही ते आज लिहून टाकतो.

एकोणऐंशी साली लग्न झालं. पार्वती राणीसावरगावहून पूर्णेला आली. मी कॅरेज शेडमध्ये नवा फिटर, छाती फुगलेली. म्हटलं, बायकोला याच डब्यात जेवू घालतो, परभणीपर्यंत. खिडकीशी बसवलं. तेवढ्यात खालून हाक आली — मागच्या डब्याचा आस तापलाय. उतरलो. काम केलं. काळे हात घेऊन पांढऱ्या टेबलक्लॉथशी कसा बसू, म्हणून नळावर गेलो. गाडी सुटली!

ही एकटी आत. त्या डब्यातून शेजारच्या डब्यात जायला वाट नसायची. एकदा बसलं की पुढच्या स्टेशनापर्यंत तिथंच. जवळ पैसा नाही, कुणाची ओळख नाही, वय एकोणीस.

तीन तासांनी दुसऱ्या गाडीनं परभणीला पोचलो. बाकावर बसली होती. काही बोलली नाही. मीही नाही. शेहेचाळीस वर्षं झाली, आजतागायत नाही. म्हणूनच येत नाही ती, दुसरं काय! मला तिला त्याच खिडकीशी बसवून एकदा माफी मागायची आहे. बाकी कौतुक झालं काय आणि न झालं काय.

२३ नोव्हेंबर

पॉलिशचा दुसरा हात. हिला विचारलं. पापड करायचेत म्हणाली. नोव्हेंबरात पापड!

३० नोव्हेंबर

आज पॉलिशचा शेवटचा हात. लाकूड असं झालंय की त्यात बघून दाढी करावी. आठही चाकांच्या, आसाच्या टोकावरच्या पेट्या मी स्वतः उघडून साफ केल्या, ग्रीस भरलं. अनुपमाने विचारलं, काका, डबा जागचा हलणार नाही, मग कशाला? मी म्हणालो, कुणी उघडून बघितलं तर लाज जाऊ नये. खरं म्हणजे कुणी बघणार नाही. मला माहीत असलं म्हणजे झालं.

मानवतहून एक कुटुंब गाडी बदलायला उतरलं होतं. बाहेरूनच बघत उभे राहिले. त्यांची गाडी लागली तरी त्यांच्यातले म्हातारे हलेनात. बन्सीधर दाराशी उभा — जणू डबा त्याला लग्नात आंदण मिळालेला! मीही काही कमी ऐटीत नव्हतो.

६ डिसेंबर

उद्या उद्घाटन. हिच्याजवळ विषय काढला. "त्या दिवशी परभणीला..." एवढंच म्हणालो. तिनं चटणीचा मिक्सर सुरू केला. वाटून वाटून पाणी झालं असेल चटणीचं.

७ डिसेंबर, रविवार

काय दिवस होता! डब्याभोवती माणसंच माणसं. रेल्वेचे साहेब आले, खाली वाकून चाकं बघितली, विचारलं, हे कुणी केलं? अनुपमाने माझ्याकडं बोट दाखवलं. साहेबांनी हात मिळवला. बन्सीधरने धुतलेली टोपी घातली होती, डोळे पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता. सहा टेबलांवर चहा झाला. खिडकीची एक खुर्ची मी कुणाला बसू दिली नाही.

ही आली नाही.

९ डिसेंबर

सकाळी आपणहून म्हणाली, चला, आज गर्दी नसंल. नेलं. खिडकीशी बसली, टेबलावरून हात फिरवला. लय छान केलंत, म्हणाली. मी लगेच सुरू केलं — पार्वती, त्या दिवशी माझी चूक... तिनं हात वर करून थांबवलं.

"याच्यासाठीच येत नव्हते मी. तुमी माफी मागताल आन् सगळं नासवताल. मी घाबरले न्हाई त्या दिवशी. डब्यातल्या वाढप्यानं ताट आणलं आन् विचारलं, बाई, आणखी काय आणू? त्याच्या आधी न्हाई, त्याच्यानंतर न्हाई, असं कुणी विचारलं न्हाई मला."

मग म्हणाली, तुमी जरा खाली उतरा, मला त्या दिवसावानी एकटीला बसू द्या.

उतरलो.