लाल बटण

दि. ९ मार्च
वर्कशॉप, दुपार

चि. छोट्यास,

दादाचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत आणि तूही तिकडे ठीक असशील असं धरून चालतो. शेजारी देशाशी बोलणी चालू असेपर्यंत तुम्हा दुभाष्यांचेही फोन काढून घेतलेत, आणि पत्रंसुद्धा आधी कोणीतरी फोडून वाचतं, असं तुझ्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. तेव्हा पहिला नमस्कार त्या वाचणाऱ्याला. साहेब, यात लष्करी काही नाही. एका मोटर रिवाइंडिंगवाल्याचं घरगुती पत्र आहे. शुद्धलेखन मी तपासलेलं आहे, त्यासाठी पेन उघडू नका.

मागच्या वेळी जेवताना आपल्यात जे झालं, त्याबद्दल हे पत्र नाही. ते मी विसरलो आहे.

तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना अजून कठडा धरते आणि मी बघितलं की सोडते. सलूनमध्ये आता पूर्वीसारखी मैफल भरत नाही. पूर्वी मी खुर्चीत बसलो की सलूनवाला मुद्दाम विचारायचा, "काय उस्ताद, आज शेजाऱ्यांवर किती बॉम्ब टाकायचे?" आणि मी साबण लावलेल्या तोंडाने हिशेब सांगायचो. लोक हसायचे. परवा गेलो तर त्याने विचारलंच नाही. मीही डोळे मिटून बसलो. वस्तरा गळ्यापाशी आल्यावर हळूच म्हणाला, "उस्ताद, खरंच होणार का हो?" मी म्हटलं, "आधी वस्तरा बाजूला घे, मग विचार."

आता खरी बातमी. अग्निशमन केंद्राच्या गच्चीवरचा, हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा जुना भोंगा तुला आठवत असेल. लहानपणी त्यात कबुतरं राहायची. नगरपालिकेने तो दुरुस्तीला काढला आणि काम माझ्याकडे आलं. मोठ्या कंपनीचा माणूस बघून गेला होता, नवा घ्या म्हणाला. मी म्हटलं, मला द्या. अख्खी मोटर उघडली. जुनी जळकी तार सोलून काढली, प्रत्येक कॉइल हाताने भरली, वार्निश देऊन सावकाश भाजली. बेअरिंग बदलली. पंखा बोटाने ढकलला तर आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहायचा. कोणत्याही कॉलेजात न जाता मी हे शिकलोय, छोट्या, आणि यात माझा हात धरणारा या शहरात कोणी नाही. हे तूही मान्य करतोस, बाकी काही मान्य केलं नाहीस तरी.

चाचणी शुक्रवारी सकाळी होती. आदल्या दिवशी लाउडस्पीकरवरून सांगितलं होतं, भोंगा फक्त एक मिनिट वाजेल, घाबरू नये. तळमजल्यावर स्टार्टरची पेटी, हिरवं बटण चालूचं, लाल बंदचं. पालिकेची इंजिनिअर, आमच्या पोरापेक्षा, लंबूपेक्षा, दोन-चार वर्षांनी मोठी असेल, तिने विचारलं, "काका, बंद व्हायची चाचणी घेतलीत ना?"

मला राग आला. म्हटलं, "बाई, आधी वाजू तर दे."

हिरवं दाबलं. वाजला. काय सांगू तुला, असा वाजला की पेटीवरची धूळ उडाली. बाहेर रस्त्यावर माणसं वर बघून हसत होती, एक पोरगी कानात बोटं घालून नाचत होती. मिनिट झालं. लाल दाबलं.

बंद होईना.

पुन्हा दाबलं. अंगठ्याने दाबलं, मग तळव्याने. स्टार्टरच्या आतले कॉन्टॅक्ट, वीज जोडणारे-तोडणारे तुकडे, गरम होऊन एकमेकांना चिकटले होते. ते जुनेच होते. मोटरचा तारेचा एकेक वेढा मी बघितला होता, पण स्टार्टर उघडलाच नव्हता. भोंगा सुरू होईल ना, एवढ्याच काळजीत मी होतो. थांबेल ना, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. आणि तिने विचारला तर मला तो अपमान वाटला.

मेन स्विच माझ्या डोक्याच्या वर होता. हात वर केला की संपलं. आयुष्यभर मी मेन स्विच ओढत आलोय. पण बाहेरचं हसू थांबलं होतं. दुकानांची शटरं खाली पडायला लागली. कोणीतरी कोणाला तरी जिवाच्या आकांताने हाक मारत होतं. आणि मी, छोट्या, मी स्वतः लावलेल्या भोंग्याच्या आवाजाला घाबरून टेबलाखाली जाऊन बसलो. डोक्यावर हात घेऊन. मोटर माझी, तार माझी, बटण मी दाबलेलं, सगळं माहीत असून.

स्विच त्या मुलीने ओढला. मला हात देऊन बाहेर काढलं आणि कोणाला काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "काका, पाणी घ्या."

घरी आलो तर दार आतून बंद. हाका मारल्या, कडी वाजवली. शेवटी लंबूच्या खोलीतून येऊन तुझ्या वहिनीने दार उघडलं, हातात त्याचे जुने बूट. मी म्हटलं, "अगं, माझाच भोंगा होता, सांगून गेलो होतो ना." ती म्हणाली, "तुमचाच होता हो. पण मिनिट होऊन गेलं तरी थांबेना, तेव्हा वाटलं, आता खराच झाला." मग म्हणाली, "भावोजींना लिहा."

मी म्हटलं, काय लिहू? ती म्हणाली, "ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. तीन पानं झाली, तेच टाळतोय.

लंबूच्या पलटणीला पुढे हलवलंय. कुठे ते लिहीत नाही, साहेबांचं पेन उघडेल. गुरुवारी, म्हणजे चाचणीच्या आदल्या दिवशी, त्याचा फोन आला होता. वर्कशॉपमध्ये मी एकटा होतो. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही, पण तिने माझ्या तोंडावरून ओळखलं असणार. पोरगा आधी नेहमीसारखा बोलला. बाबा, जेवण बरं आहे, बूट नवे मिळाले, तुमचे सलूनवाले काय म्हणतात. मीही नेहमीसारखाच म्हणालो, एकदाचा धडा शिकवा त्यांना. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं फोन कटला. मग अगदी लहान असताना विचारायचा तशा आवाजात म्हणाला,

"बाबा, काका अजून तिकडेच आहे ना? परत तर नाही आला?"

मी म्हटलं, का रे?

"इथे सगळे म्हणतात, बोलणारे घरी परतले की आमचं सुरू होणार."

आणि फोन खरंच कटला. तेव्हापासून बंद आहे.

त्या दिवशी जेवताना मी ताटावर हात आपटून म्हणालो होतो, त्या लोकांना माराचीच भाषा कळते. तू म्हणालास, "दादा, त्यांची भाषा मी रोज बोलतो. पोरगं जेवलं का, हे विचारायला तिच्यातही शब्द आहेत." पलीकडचा दुभाष्या तुला आपल्या मुलाचे फोटो दाखवतो, असंही सांगत होतास. मी म्हटलं, शत्रूच्या पोरांचे फोटो बघायचा पगार घेतोस का? नेभळट म्हणालो. आणि तू उठलास तेव्हा म्हणालो, जा, परत या घरात येऊ नकोस. विसरलो असं वर लिहिलंय, ते खोटं आहे.

माझं मत फिरलं असं समजू नकोस. दुबळ्याशी कोणी बोलत नाही, हे मी आजही म्हणेन. आमचा लंबू तिथे उभा आहे म्हणूनच ते तुझ्याशी बोलायला टेबलावर येतात, हेही खरं असेल. पण स्टार्टर मी आता उघडून बघितलाय. दोन्ही कॉन्टॅक्ट वितळून एक झालेत, पटाशीनेही सुटत नाहीत. समोर बाकावरच पडलेत. त्यांच्याकडे बघतच हे लिहितोय.

त्या पलीकडच्या दुभाष्याला विचार, त्याचा मुलगा आता किती मोठा आहे. तोही कुठे उभा आहे का. मला कळवू नकोस, मला नको कळायला. पण विचार. विचारण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ दे. ते चिडले तर त्यांचं बोलणं सावकाश भाषांतर कर. शब्द अडला म्हण. पाणी माग. तुला नेभळट म्हणाले तर म्हणू दे, तुला सवय आहे, मी लावली आहे.

वहिनी तुझी खोली रोज झाडते. मी तिला सांगितलंय, इतक्यात नको.

छोट्या, घरी येऊ नकोस. या वेळी रागाने म्हणत नाही.

तुझी वाट न बघणारा,
तुझा दादा