कोपर टेकण्याजोगं कुंपण

तीर्थरूप पेयोमामांना,

मिरेनचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात आईची पाठ धरली आहे, माझ्या गाडीचा क्लच गेला आहे आणि वारा असा सुटलाय की कॉफीतून धूळ गाळून प्यावी लागते. तुमचा गुडघा कसा आहे? (कुत्र्याचं विचारत नाही, त्याची तब्येत नेहमीच तुमच्यापेक्षा बरी असते.) तुम्ही रविवारी हॉटेलात जेवायला येणं सोडलंत, पण लांब टेबलाशी असलेली तुमची खुर्ची अजून कोणी घेत नाही. मागच्या रविवारी एक परका ट्रकवाला तिच्यावर बसला, तर सगळ्यांनी सूपचे चमचे खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बिचारा ताट घेऊन बाहेर पायरीवर जेवला.

ही पोरगी दिवसभर करते तरी काय, असं तुम्ही आईला विचारलंत म्हणे. सांगते. डोंगरात चारा-पाणी पुरत नाही म्हणून सरकार रानघोडे पकडून आमच्या आवारात कोंडतं. ज्यांना घोडा दत्तक हवा ते अर्ज करतात, आणि मी त्यांच्या घरी जाऊन बघून येते. कुंपण सहा फूट हवं, आडोसा हवा, पाणी हवं. थोडक्यात मी स्थळं बघणारी बाई आहे, फक्त इथे परीक्षा मुलाकडच्यांची असते. आता एखादं जनावर लोकांपुढे उभं करूनही कोणी नेलं नाही, की त्याच्या कार्डावर फुली पडते. तिसऱ्या फुलीला ते दत्तकातून निघून विक्रीत जातं, आणि विक्रीला कसलीही चौकशी नाही. येईल त्याने पैसे टाकावेत, ट्रकात घालून न्यावं. पुष्कळसे सीमेपलीकडे जातात, जिथे घोड्याचं नाव नाही, वजन विचारतात. (हे जेवताना वाचू नका, असं आधी लिहायला हवं होतं.)

तर मामा, आमच्याकडे एक घोडी आहे. मळकट तपकिरी, एका कानाचं टोक थंडीत झडलेलं, वय झालेलं. तिला मी विहीण म्हणते, कारण कोणीही समोर आलं की ती त्याच्याकडे लग्नात आपल्याला मानपान कमी झाल्यासारखं बघते. पाणी बदललं तरी हुंगून बाजूला होते आणि आपण गेलो की पिते. लोक येतात, पिवळ्या आयाळीच्या तरण्या घोड्यांपुढे फोटो काढतात, आणि विहिणीपाशी आले की आवाज उतरवून पुढे जातात. तिच्या दोन फुल्या झाल्या आहेत. लोकांपुढे उभं करायचा तिसरा बाजार येत्या शनिवारी आहे.

मला वाटलं होतं, तोवर तिला कोणीतरी मिळेल. म्हणून महिनाभर मी येईल त्या अर्जदाराकडे आधी तिचा विषय काढला. पहिले रीनो शहरातले प्रेस्टन नावाचे गृहस्थ. त्यांना मनःशांतीसाठी घोडा हवा होता. घोडा हिरवळीवर उभा राहील, ते खुर्ची टाकून त्याच्याकडे बघतील आणि त्यांचा रक्तदाब उतरेल, अशी डॉक्टरची नव्हे, त्यांची स्वतःची कल्पना. कुंपण पांढऱ्या प्लॅस्टिकचं. मी त्याला टेकले, तर ते माझ्यासकट खाली गेलं. (पँट गुडघ्यावर फाटली, आईने शिवून दिली, आणि शिवताना तुमच्या गुडघ्याची आठवण काढली.) मी म्हटलं, साहेब, रानघोडी हे तासाभरात मोडून तुमच्या स्वयंपाकघरात येईल. तर म्हणतात, मग घोडी नको, तिचा मोठा फोटो मिळेल का? मी ऑफिसात विचारलं. आम्ही फोटो विकत नाही.

नंतर जे झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल, कारण ते बातिस्ताकाकांच्या बाबतीत झालं. त्यांनी स्वतःहून अर्ज केला, आणि तोही विहिणीसाठीच. म्हणाले, "कान झडलाय ना? माझेही दोन्ही गेलेत. जमेल आमचं." पाणी झकास, आडोसा झकास, आणि कुंपण आपल्या खोऱ्यात सगळ्यांचं असतं तसं, कोपराएवढ्या उंचीचं. तुम्हा मेंढीवाल्यांनी कुंपणं मेंढरांसाठी घातली का शेजाऱ्याशी कोपर टेकून बोलण्यासाठी, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. मेंढरू त्यात राहतं, गप्पाही राहतात. रानघोडी मात्र ते ओलांडून थेट महामार्गावर जाते. मागच्या वर्षी अशीच एक गेली, आणि तिला उचलायला मीच गेले होते. म्हणून मी मोजायची टेप लावली आणि काकांना म्हटलं, खांब उंच करून वर आणखी फळ्या ठोका, मी उद्याच पास करते.

काका म्हणाले, "पोरी, या कुंपणावरून तुझ्या बापाने तुझ्या आईसाठी मागणं घातलं. मी पलीकडचा माणूस दिसणार नाही असं कुंपण घालू? मला काय तुरुंग चालवायचाय?" मी पुष्कळ समजावलं. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मी अर्ज नाकारला. तेव्हापासून ते चर्चमध्ये माझ्याकडे पाठ करून बसतात, आणि त्यांची पाठ किती रुंद आहे ते तुम्हाला माहीत आहे, मला वेदी दिसत नाही. मामा, मला फार वाईट वाटलं. विहिणीला आयुष्यात एकच माणूस पसंत करायला आला, आणि तो मी परत पाठवला.

आता तिसरे. क्लीट हॅस्केल. यांच्यासारखी जागा मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. कुंपण लोखंडी, बरोबर सहा फूट, ना बोटभर कमी ना जास्त. आडोसा नवा. पाण्याची टाकी चकचकीत. माणूस अदबीचा, टोपी काढून बोलणारा, बायकोने पीच पाय, म्हणजे फळांचं सारण भरलेला केक, करून ठेवलेला. मी पास करायला पेन उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाने आधी आमच्याकडूनच चार घोडे नेले आहेत, आणि या आवारात शेण नाही. वास नाही. माशी नाही. खांबाला अंग घासल्याची खूण नाही, गव्हाणीत गवताची काडी नाही. मी विचारलं, घोडे कुठेत? म्हणाले, भावाच्या कुरणावर. भाऊ कुठे असतो? ते जरा लांब आहे, ताई. बायको त्या पीच पायचा आणखी एक तुकडा वाढायला लागली. मी खाल्ला नाही. (अर्धा खाल्ला होता. तो अजून घशाशी आहे.)

मी त्यांचाही अर्ज नाकारला, आणि मनात जरा फुशारले, कबूल करते. गाडीपर्यंत हॅस्केल मला सोडायला आले. माझ्यासाठी दार धरलं आणि अगदी मायेने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, ताई. तुमचं काम चोख आहे. तुम्ही अशाच सगळ्यांना नाकारत राहा. तिसरी फुली पडली की मी विक्रीच्या खिडकीशी येतोच, तिथे कुंपण कोणी विचारत नाही."

मामा, तो खरं बोलत होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं, तर साहेब म्हणाले, विक्री हा वेगळा विभाग आहे. मी म्हटलं, पण घोडी तीच आहे. साहेब म्हणाले, घोडी तीच, विभाग वेगळा. त्या दिवसापासून मी टेप हातात धरली की मला हॅस्केलचा ट्रक दिसतो. मी जितकी चोख, तितका तो भरतो. आणि तरी पाच फुटांच्या कुंपणाला पास म्हणायला माझा हात होत नाही, कारण महामार्गावरची ती घोडी मी पाहिली आहे. संताप येतो, आणि तो काढायला माणूस सापडत नाही. म्हणून तुम्हाला पत्र लिहिते आहे.

बाकी काही विशेष नाही. गुडघ्याला शेक देत चला. कुत्र्याला गोंजारा.

तुमची भाची,
मिरेन

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलं. मामी गेली त्या आठवड्यात तुम्ही सगळे घोडे विकलेत, तेव्हापासून तुमचं आवार रिकामं आहे. "खाईल असं काहीही माझ्या दारात आणू नका," असं तुम्ही म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. तरी विहिणीसाठी तुमच्या नावाने अर्ज मी केला आहे. ती फार खात नाही. खाताना तोंड वाकडं करते, पण ते मामीच्या माहेरची मंडळीही करायची आणि तुम्ही त्यांना तीस वर्षं जेवू घातलंत.

ता. क. दुसरा — तुमचं कुंपणही कोपराएवढंच आहे. गुरुवारी बातिस्ताकाका फळ्या आणि उंच खांब घेऊन येतील. त्यांनी बायकोमार्फत कळवलंय की स्वतःचं कुंपण ते मेले तरी बदलणार नाहीत, पण पेयोचं नाहीतरी मोडकंच आहे. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. तुम्हीही बोलू नका हवं तर, पण हातोडा शोधून ठेवा.

ता. क. तिसरा — नात्यातल्या माणसाची जागा मला तपासता येत नाही. शुक्रवारी लँडन टॉली म्हणून मुलगा येईल. त्याला मीच तयार केलंय, त्यामुळे तो बोटभरही सोडणार नाही. त्याला वाइन पाजू नका, पाजलीत तरी सोडणार नाही. त्याने नापास केलं तर सोमवारी विक्रीची खिडकी उघडेल, आणि विहिणीला हॅस्केलच्या ट्रकात चढवायचं काम माझ्याकडेच आहे.

ता. क. शेवटचा — फाटकाजवळच्या वरच्या फळीवर मामीच्या कोपराने गुळगुळीत झालेली जागा आहे. तिला खिळा लावू नका. नव्या फळ्या नव्या खांबांवर घ्या आणि मध्ये विहिणीला तोंड बाहेर काढता येईल इतकी फट ठेवा. हे कुठल्या नियमात नाही, टॉली त्याबद्दल काही विचारणार नाही.