वेखंडाचं पाणी

२५ मे
सोक्चोची बस पुन्हा चुकली! म्हणजे चुकवलीच — स्टँडच्या वाटेवर एक म्हातारा पंखे रंगवत बसला होता, बघतच राहिले. परत ओकबुन मावशींच्या दुकानात. म्हणाल्या, दानोचा सण होईपर्यंत राहा, तांदळाच्या हिरव्या गोड चकत्यांवर चाकाचे ठसे मारायला हात हवेत. मग उलथ कुठे उलथायचं तिथे.
झोपते त्यांच्याच खोलीत. माझ्या मोज्यांच्या वासावरून मागच्या खानावळीतून मला हाकललं होतं. मावशी चकार शब्द काढत नाहीत. देवमाणूस!

२८ मे
वाफेच्या भांड्यातलं पाणी आटलं, पीठ खालून करपलं. मी अंगणात होते, तरी मलाच आधी कळलं. मावशी तर चुलीशीच उभ्या!

३० मे
दानोला केस धुवायचे म्हणून वेखंड आणायला ओढ्यावर गेले. वाटेत लोक सणाचा झोका टांगत होते, मीही जरा चढले. जरा कसलं — दुपार झाली. मग घाईत निळ्या फुलांजवळची पाती कापून आणली.
मावशींनी लगेच उकळत ठेवली, वाफेवर वाकल्या. म्हणाल्या, "काय घमघमाट सुटलाय!"
शेजारच्या कुम्जा काकू दारातच हसायला लागल्या. "अगं, हे नुसतं फुलाचं. दिसतं वेखंडासारखं, वास कसला? पोरीनं तुला गवत उकळून दिलंय."
मावशी हसल्या नाहीत. काकू गेल्यावर दार ओढून घेतलं. म्हणाल्या, मार्चमधल्या तापापासून ना वास येतो, ना चव कळते. चकत्यांत घालायचा सुरिच्वीचा पाला उकळताना कडू दर्प कधी गेला, ते इतकी वर्षं नाकानंच कळायचं. आता सगळा अंदाज.
"दानोचा माल बिघडला तर दुकान बंद करणार. कुठल्या तोंडानं लोकांना खायला घालू?"
मोज्यांचं कोडं सुटलं. लाज वाटली. हसूही आलं, ते दाबलं.

३१ मे
आता मी त्यांचं नाक! पातेल्यावर वाकून उभी.
"गेला का कडूपणा?"
"अजून नाही."
"आता?"
"आता उन्हात नुकतं कापलेलं गवत, आणि मागून थोडं..."
"कविता नको. हो की नाही?"
हो!

२ जून
पाला, पाला, पाला. स्वप्नातही हिरवं.

३ जून, दानो
या वेळी खरं वेखंड आणलं, काकूंना दाखवून. सकाळीच केस धुतले. मावशी पाण्यावर बराच वेळ वाकून होत्या. विचारलं नाही. त्यांनीच मान हलवली — नाही.
पण चकत्या दुपारीच संपल्या! काकू दुसऱ्यांदा आल्या, हात हलवत परत गेल्या. आम्ही दोघी ओट्यावर चेरीचं गार सरबत पीत बसलो. त्यांना नुसतंच गार लागलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी कुणाचं नाक आणू? माझी तर पिशवी भरलेली होती, उद्याच्या बससाठी.

४ जून
जाग आली ती मावशींच्या ओरडण्यानं. काठीच्या टोकावर माझे मोजे, दुसरा हात नाकावर.
"शी! आधी हे धुऊन टाक."
बस केव्हाच गेली. मोजे दोरीवर वाळतायत.