चप्पल ठेवतो तीच जागा

बाबा, गेल्या महिन्यात मी आईला घेऊन म्हैसूरला जाऊन आले. माझी लेक, तुमची नात, आता बंगळूरला नोकरीला आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत साकोलीहून आम्ही दोघी तिच्याकडे गेलो होतो. आईला हल्ली फारसं काही आठवत नाही. मला कधी ताई म्हणते, कधी शेजारीण समजून चहा विचारते. पण बंगळूरचं नाव कानावर पडलं आणि म्हणाली, "राजवाडा पाहाले जाऊ ना." लेकीला ऑफिस होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, त्यात काय एवढं, असं मी म्हटलं. काय एवढं ते गाडी सुटल्याबरोबर कळलं. प्रत्येक स्टेशनावर आई उठून दाराकडे निघायची, "भंडारा आला काय?" सगळा डबा कानडीत बोलत होता आणि मी तिचा पदर मुठीत धरून बसले होते. फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मी तिच्या लुगड्याला पिनेने लावली होती. तीही तिने काढून टाकली. "मी पार्सल आहो काय, चिठ्ठी लावून राहिली मले?" तुम्ही असता तर हसला असता. मला हसू आलं नाही.

याच गाडीने तुम्ही आम्हाला नेलं होतं, मी नऊ वर्षांची असताना. जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमधून आपण एलटीसीवर, सरकारी प्रवास-सवलतीवर, निघालो, आयुष्यातला एकच लांबचा प्रवास. बारूदाच्या कामावरची माणसं गावाला जातानाही काम सोबत घेऊन जातात. गेटवर झडती देऊन देऊन तुम्ही तिकीट तपासनिसासमोरसुद्धा दोन्ही हात वर केले होते, आणि आई पदराआड हसली होती. राजवाड्याच्या बाहेर चपला ठेवताना तुम्ही आम्हा दोघींना उभं केलं आणि नियम सांगितला. "चुकामूक झाली त चप्पल ठेवतो तीच जागा. तेथीच येऊन उभं राहाचं. कोणी कोणाले शोधाले अंदर जायाचं नाही. जो शोधाले जाते, त्याले शोधाले मंग आणखी दोघं लागते." भोंगा झाला की फॅक्टरीतली माणसं मैदानात जाऊन उभी राहतात आणि साहेब डोकी मोजतो, तसंच. मी मान डोलावली आणि अर्ध्या तासात हरवले.

हत्तीवरच्या हौद्याचं सोनं पाहत राहिले आणि वळून पाहते तर तुम्ही दोघं नाही. सगळीकडे पाय, साड्या, न कळणारे शब्द. मी रडत रडत एका दालनातून दुसऱ्यात गेले. तुम्ही आत आला नाहीत, बाबा. तासाभराने एका पहारेकऱ्याने मला हाताला धरून खाली आणलं. आई ऊर फुटेस्तोवर रडत होती आणि तुम्ही चपलांजवळ उभे होता. मला जवळ घेतलं नाही, रागावलाही नाहीत. फक्त बोट फिरवलं, "एक, दोन, तीन. चला." दुसरा लहान राजवाडाही मग आपण पाहिला. मला त्यातलं काही आठवत नाही. बाप असून शोधायला आला नाही, हे मी पुढे किती वर्षं धरून ठेवलं. माझ्या लग्नाच्या दिवशीही ते मनात होतं.

आता ऐका. गेल्या महिन्यात त्याच राजवाड्यात मी आईचा हात सोडला. चष्मा पुसायला, एवढाच वेळ. शाळेच्या सहलीचा लोंढा मधून गेला आणि आई नाही. ब्याऐंशी वर्षांची, झाडीबोलीशिवाय एक शब्द न येणारी, स्वतःचं नाव विसरलेली बाई. मी तुमचा नियम मोडला. वर गेले, खाली गेले, गर्दीला कोपराने सारत उलट दिशेने पळाले, कोणी रागावलं, कोणी आडवं आलं. ती जिन्यावरून पडली असेल, रस्त्यावर गेली असेल, कुठल्यातरी गाडीत बसली असेल, असं एकापाठोपाठ एक मनात येत होतं. लेकीला फोन लावायचाही धीर होईना. तिला काय सांगणार होते? शेवटी मदत मागायला बाहेर आले, तर आई चपलांजवळ उभी. ताठ, अनवाणी, माझ्या चपला छातीशी धरून.

मी तिला मिठी मारली. तिने मला दूर केलं आणि बोट फिरवलं. "एक. दोन." मग माझ्यामागे दाराकडे पाहत राहिली. "तिसरा कोठी आहे? तुये बाबा काहून नाही आले बाहेर?" मी म्हटलं, गाडी चुकेल, चल. ती हलेना. "मोजणी पुरी झाल्याबिगर जायाचं नाही." सावल्या लांबल्या, लोक पांगले, तरी ती दाराकडेच पाहत होती. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली हे तिला त्या अंगणात सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी खोटं बोलले, बाबा गेटवर आपला पास द्याले गेले म्हणून. तेव्हा कुठे तिने पायात चपला घातल्या. परतीच्या गाडीत तिने शेजारच्या जागेवर कुणालाच बसू दिलं नाही, आणि मीही लोकांना कोणीतरी येतंय असं खुणेने सांगत राहिले.

हे पत्र साकोलीच्या घरी लिहितेय. आई पलीकडे तांदूळ निवडत बसली आहे, मधूनच दाराकडे पाहते. पत्र कुठे जायचं नाही, ट्रंकेत तुमच्या फॅक्टरीच्या जुन्या पासाखाली ठेवीन. एक गोष्ट मात्र मी आईलाही कधी सांगितली नाही. मी नऊ वर्षांची असताना त्या दिवशी पूर्ण तासभर हरवलेली नव्हते. वरच्या दालनाच्या जाळीतून मला तुम्ही दिसला होता. उन्हात अनवाणी उभे, माझ्या लाल चपला छातीशी धरून, ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा दोनपर्यंत मोजत. जिना शेजारीच होता. मी उतरले नाही. तुम्ही आत येता का, ते पाहत उभी राहिले.