डाव्या स्कीचा तडा

८ जानेवारी
सकाळी विमानाखाली वाकलो तर डाव्या स्कीला तडा. बोटभर. किरकोळ. बर्फावर उतरायला चाकांऐवजी याच दोन स्की. ॲल्युमिनियमच्या, जुन्या पण दणकट. वेंडेलनेही पाहिला. वेंडेल म्हणजे गावातला दुसरा पायलट. लोकांच्या विमानांखाली वाकायची त्याला खोड आहे. म्हणे, स्की काढून दुरुस्तीला अँकरेजला पाठव. बोटभर तड्यासाठी? एका दुपारचं काम आहे.

गुरुवारी ऑगीला आणायचंय. तो डोंगरापलीकडे तळ्याकाठी एकटाच राहतो. काचबिंदू झालाय, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. आणीन असा शब्द मी दिलाय. त्याच्याकडचा रेडिओ फक्त ऐकायचा. रेडिओ केंद्रावर रोज संध्याकाळी आडबाजूच्या लोकांसाठी निरोप वाचतात, त्यात दिलं: ऑगी, गुरुवारी येतो. हार्लन.

१० जानेवारी
तड्याच्या टोकाला भोक पाडलं की तडा पुढे जात नाही. पाडलं. अगदी गोल.
कॉफी पिऊन इंजिन चालवून पाहिलं, पुन्हा वाकलो. तडा भोकाच्या पलीकडे. टोक मला वाटलं तिथे नव्हतं म्हणायचं. ॲल्युमिनियम हा धातूच आतल्या गाठीचा.
निरोप बदलला: ऑगी, शनिवारी नक्की.

१३ जानेवारी
ठिगळ लावून रिव्हेट ठोकले. देखणं काम. बायकोला बोलावून दाखवलं. नोरीन म्हणाली, छान आहे, पण हे शेजारी काय? शेजारी नवा तडा. ठोकताना जरा जोर झाला असावा.
मग म्हणते, वेंडेल रिकामाच बसलाय, त्याला सांगू का? मी म्हटलं, शब्द मी दिलाय, वेंडेलने नाही. ती गप्प झाली. नोरीन गप्प झाली की तिला पटलं, असं मी धरतो.
निरोप: मंगळवारी.

१८ जानेवारी
डोळ्यांना न दिसणारे तडे दाखवणारं एक लाल औषध मिळतं. दोन्ही स्कींना फासलं. उजवी स्कीसुद्धा नकाशातल्या नद्यांसारखी दिसायला लागली.
औषध जुनं असणार. पुसून टाकलं.

२३ जानेवारी
दुकानात गेलो होतो. तिथला म्हातारा विचारतो, हार्लन, या आठवड्यात मंगळवार कितव्यांदा येणार आहे? सगळे हसले. मीही हसलो. रेडिओ अख्खं खोरं ऐकतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. बरंच आहे. माणूस प्रयत्न करतोय हे लोकांना कळतं.

२७ जानेवारी
वेंडेल घरी आला. टपाल घेऊन वर कुठेतरी चालला होता, वाटेत ऑगीच्या तळ्यावरून गेला. म्हणे, तळ्यावर उतरायची पट्टी तयार आहे. ऑगी पायांना बर्फावर चालायचे जाळीदार जोडे बांधून फेऱ्या मारतो आणि बर्फ दाबून घट्ट करतो. दोन्ही कडांना झाडाच्या फांद्या रोवल्यात, त्याला आता तेवढंच दिसतं म्हणून. तुझा प्रत्येक निरोप ऐकून त्याने हे केलं असणार, कारण नव्या बर्फावरही पट्टी साफ आहे. स्वतः बॅग घेऊन टोकाला उभा होता. आवाज ऐकून हात हलवत धावला आणि पडला. विमान टपालाने भरलेलं, उतरता आलं नाही.
मी म्हटलं, पट्टी तयार आहे ना, मग माझं अर्धं काम झालं.
वेंडेल टोपी हातात घेऊन उठला. मग म्हणाला, तुझा माणूस आहे म्हणून विचारतो, उद्या मी जाऊ?
मी म्हटलं, परवा मी जातोच आहे.
जाताना त्याने नोरीनकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

२ फेब्रुवारी
वेल्डिंग केलं. हे आधीच करायला हवं होतं. वेल्डिंग स्कीपेक्षा मजबूत झालंय. नोरीन म्हणाली, मग स्की त्याच्या शेजारी तुटेल. बायकांना यातलं कळत नाही.

४ फेब्रुवारी, दुपार
गावच्या तळ्यावर चाचणी घेतली. विमान पळायला लागलं, छान पळालं. मग डावी स्की वेल्डिंगच्या शेजारीच दुमडली. नाक बर्फात, पंखा वाकडा. मला काही झालं नाही.
तिथेच बसलो होतो, तेवढ्यात वेंडेलचं विमान डोक्यावरून डोंगराकडे गेलं. या वेळी त्याने विचारलं नाही. संध्याकाळी रेडिओवर माझा निरोप लागला: ऑगी, उद्या. बंद करायला सांगायचं राहून गेलं.

१५ फेब्रुवारी
अँकरेजला ऑगीला भेटून आलो. बसने. एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणलं असतं तर. मी म्हटलं, हवामान वाईट होतं.

ऑगीने मात्र तक्रार केली नाही. माझा हात हातात घेऊन चौकशी केली, विमान आपटलं तेव्हा लागलं का. मी त्याला सांगितलं, डाव्या स्कीचं आता माझ्या नीट लक्षात आलंय. तुला घरी सोडायला मीच येणार.
तो म्हणाला, घर आता नाही. एकट्याने राहायचं नाही असं सांगितलंय. इथेच बहिणीकडे राहीन. तळ्यावरचं सामान वेंडेल घेऊन येतोय.
मग माझा हात थोपटून म्हणाला, तू निवांत दुरुस्त कर, हार्लन. आता मला कुठे जायचं नाहीये.