किश कुठे आहे?

सातपूर, नाशिक
१२ जून २००३

तीर्थरूप सुनीलमामा,

स्नेहलचा तुम्हाला आणि मामींना नमस्कार. तुमची कंबर सरळ झाली असेल अशी आशा आहे. (नसेल तर हे पत्र बसूनच वाचा.)

आमच्याकडे देव पाण्यात आहेत आणि त्याला कारण मी.

दुबईत फिटर असलेल्या किशोरदादाचा व्हिसा संपला. त्याने शेजारच्या वत्सलाबाईंकडे फोन केला, "नवा व्हिसा येईपर्यंत किशला राहतो," एवढंच म्हणाला आणि फोन कटला. आईने मला विचारलं, "तू शिकलेली ना, किश कुठं हाय?" इथे 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण घरातल्या पहिल्या पदवीधराला ती सोय नसते. मी इतिहासाची बी. ए.; सांगून टाकलं की ते इराकमधलं प्राचीन राज्य, आता तिथे मातीचे ढिगारे उरलेत. आईने 'इराक' आणि 'ढिगारे' एवढंच ऐकलं. समोर टीव्हीवर तेच चाललं होतं. तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलून तांब्याच्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवले आणि स्वतः एकवेळ जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या नकाशात दुसरं किश सापडलं. इराणजवळचं बेट, जेमतेम ठिपक्याएवढं. मी प्रामाणिकपणे घरी येऊन चूक कबूल केली. आई म्हणाली, "काल राज्य होतं, आज बेट झालं. उद्या काय होईल?" बाबा पाळीवरून येऊन म्हणाले, "पोरगं इराकात का इराणात तेवढं सांग, बाकीचं कॉलेजात ठेव." वत्सलाबाईंनी तर गल्लीभर सांगितलंय, त्यामुळे बायका आम्हाला धीर द्यायला येतात आणि त्यांचा चहा मी करते.

सोमवारी मला सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून रुजू व्हायचंय. पंचेचाळीस मुली, मामा. किती ठरवलंय मी त्यांच्यासाठी. पण आई म्हणते, देव पाण्यात असताना घरातलं आणखी कोणी बाहेर पडायचं नाही. तुम्ही रेल्वेतले, गावांच्या बाबतीत ती फक्त तुमचं ऐकते. रविवारी मनमाडहून येऊन तिला नकाशा समजावून सांगाल का?

तुमची,
स्नेहल

ता. क. नकाशा राहू द्या. 'आमच्या ऑफिसातला एकजण त्या बेटावर राहून आलाय' एवढं म्हणा. (दिवाळीत तुमच्याकडे सत्यावर भाषण मीच दिलं होतं, आठवतंय.)

ता. क. २ पाकीट चिकटवतानाच दादाचा फोन आला. एका खोलीत सहाजण राहतात, मासे खातात, मजेत आहेत. देव बाहेर निघाले, आई दोन्ही वेळ जेवली. मग विचारते, "तुझी शाळा नक्की कुठं हाय?" मी तोंड उघडलं तर म्हणाली, "तू नको. सुनीलला विचारते." तर तिचा फोन आला की सांगा: जवळच आहे, एस.टी. जाते, लढाई नाही.

नेमकी कुठे, ते मलाही माहीत नाही. हे मात्र तिला सांगू नका.