जिल्ह्याबाहेर

७ ऑक्टोबर, सोमवार

आज आबांनी माझ्या थोबाडीत मारली. अंघोळ घालताना. पाणी कोमटच होतं, मी हात घालून बघितलं होतं. "कोन गं तू? माझी कापडं कशापायी काढतीस?" म्हणाले आणि फाडकन ठेवून दिली. पंचाहत्तरीतला सासरा, पण हात अजून शेतकऱ्याचा आहे.

नवरा घरी नाही, संदेश पहिल्या पाळीला तळेगावला कंपनीत गेलेला. ओवी आत अभ्यासाला बसली होती – लेकीचं बारावीचं वर्ष. तिनं आवाज ऐकला असणारच. बाहेर आली नाही. बरं झालं.

मग ओली साडी बदलली. आबांना शेजारच्या शकुबाईंच्या हवाली केलं, त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि लोणावळ्याला बँकेत. दिवसभर काउंटरवर हसत बसले.

दुपारी मॅनेजर अरुंधती मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. अधिकारीपदाच्या जागा निघाल्यात. अर्ज मागवलेत. "सारिका, सतरा वर्षं क्लार्क म्हणून काढलीस. मागच्या दोन्ही वेळी नाही म्हणालीस. मी मार्चमध्ये रिटायर होते आहे. माझ्यादेखत एकदा भर." माझ्या गालाकडे बघत होत्या. मी म्हणाले, दाढ सुजलीय.

अट एकच – निवड झाली तर पहिली तीन वर्षं जिल्ह्याबाहेर.

८ ऑक्टोबर

घरी कुणाला सांगितलं नाही. ती अट वाचताना पोटात काहीतरी हललं. भीतीच असणार.

१२ ऑक्टोबर, दसरा

संदेश स्टुलावर चढून तोरण बांधत होता. मी खालून झेंडूची माळ धरलेली. म्हटलं, हीच वेळ.

"अहो, बँकेत अधिकारीपदाच्या जागा निघाल्यात."

"भर की मग!"

मग अट सांगितली. त्यानं गाठ मारली, खाली उतरला, स्टूल जागेवर ठेवलं. "आणि आबा?" एवढंच.

वाईट माणूस नाही तो. रात्रपाळी करून आला तरी आबांची ओली धोतरं स्वतः धुतो. पण आबा त्याच्या हातचं खात नाहीत. माझ्याच हातचं लागतं. ज्या बाईला ओळखत नाहीत तिच्याच हातचं!

संध्याकाळी मुक्ताताई पिंपरीहून सोनं द्यायला आल्या. संदेशच्या थोरल्या बहीण. त्यांना त्यानंच सांगितलं असणार. म्हणाल्या, "सारिका, घर मोडून खुर्ची काय चाटायचीय?" मी म्हणाले, "मग आबांना थोडे दिवस तुमच्याकडे न्या ना." तर म्हणाल्या, "आमचा तिसरा मजला गं. आणि लिफ्ट सारखी बंद असते."

लिफ्ट!

१६ ऑक्टोबर

आज आबा शांत होते. भाकरी कुस्करून दिली, निमूट खाल्ली. तोंड पुसताना एकदम माझा हात धरून ठेवला.

मी लग्न होऊन आले तेव्हा बँकेची परीक्षा द्यायची होती. सासूबाईंना पसंत नव्हतं. आबा म्हणाले होते, "तिला काय बी सांगू नगा. माझी सून ब्यांकेत बसनार हाय." लावणीच्या दिवसांतसुद्धा मला शेतात बोलावलं नाही. परीक्षेच्या दिवशी पुण्याला सोबत आले. मी पेपर देत होते आणि ते बाहेर फुटपाथवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

अशा माणसाला टाकून जायचं?

त्या माणसाला नाही. पण तो माणूस कुठं आहे आता?

२० ऑक्टोबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

सगळे घरात, म्हणून कडी लावली नव्हती. मी पोह्यांना फोडणी घालत होते. बाहेर आले तर आबा नाहीत. संदेश स्टेशनकडे पळाला, मी बंगल्यांच्या रस्त्याला.

आमचं भाताचं मोठं खाचर होतं तिथं आता बंगला आहे. पोहायचा तलाव, हिरवळ, झोपाळे. शनिवार-रविवार मुंबईची मंडळी भाड्यानं घेतात. जमीन आबांनीच विकली, बारा वर्षांपूर्वी, शुद्धीत असताना. फाटक उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज.

आबा हिरवळीवर उकिडवे बसलेले. अंगात नुसती बंडी, हातात विळा. मूठ-मूठ गवत कापत होते आणि मागं ओळीनं मांडत होते – भात कापताना मांडतात तसं. चांगला लांबलचक पट्टा साफ केला होता. बंगला सांभाळणारा केरबा लांबून हात जोडत होता, "आबा, आवो, नगा करू, मालक मला काढंल!" जवळ जायची त्याची छाती नव्हती. आबा विळा उगारत होते. "माझ्या रानात मला आडवतोस व्हय रं?"

तलावाच्या कडेला पाच-सहा पोरं-पोरी. सगळ्यांच्या हातात मोबाइल. एक जण ओरडला, "अंकल, इधर भी थोडा काट दो!"

मी जवळ गेले. "आबा, चला, न्याहारी झालीय."

"थांब गं पोरी. एवढा तुकडा व्हऊ दे. आभाळ बघ की कसं आलंय. भिजलं तर काय खायाचं?"

आभाळ निरभ्र होतं. डाव्या हाताचं बोट कापलेलं, गवतावर रक्त. त्यांना पत्ताच नाही.

काय करणार? मी त्यांच्यामागं बसले आणि गवताच्या मुठी गोळा करायला लागले. पेंढी बांधल्यासारखं केलं. म्हटलं, "आबा, झालं सगळं. माझी बांधणी पण झाली. आता घरी." मग उठले. विळा आपणहून माझ्या हातात दिला. किती खूश होते! फाटकातून बाहेर पडताना म्हणाले, "औंदा पीक लय चांगलं आलंय."

मागं टाळ्या वाजल्या.

२१ ऑक्टोबर

व्हिडिओ सगळीकडे फिरला. आबाही आहेत, मीही आहे – गाऊन घातलेली, गवत गोळा करणारी. बँकेत कुणी काही बोललं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलाय.

ओवीला क्लासमध्ये एक मुलगा म्हणाला, "तुझ्या आजोबांना आमच्या सोसायटीत पाठव, माळी मिळत नाही." मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "मी पण हसले, आई. सगळ्यांबरोबर. मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली."

मी तिला जवळ घेतलं. जरा वेळ राहिली, मग सुटून गेली. गणिताची टेस्ट होती म्हणे.

२३ ऑक्टोबर

अर्ज भरला. रागानं भरला. कुणावर राग, ते विचारू नये.

संदेशला सांगितलं. तो म्हणाला, "बघू, होतंय का ते तर बघू." होणार नाही असंच त्याला वाटतंय. मलाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फटाक्यांना घाबरून आबा पलंगाखाली जाऊन बसले. काही केल्या बाहेर येईनात. शेवटी मीही आत शिरले. आमची दोघांची दिवाळी पलंगाखाली झाली. नवी साडी होती. आबांनी तिथंच कपडे ओले केले.

पूजा संदेशनं आणि ओवीनं केली.

१८ नोव्हेंबर

मुलाखतीचं बोलावणं आलं! तीन डिसेंबर, कोल्हापूर, मुख्य कार्यालय. म्हणजे एक रात्र बाहेर.

आबांचं काय? संदेशला रजा नाही – कंपनीत तपासणी आहे. मुक्ताताईंचे गुडघे. शकुबाई म्हणाल्या, "दिवसाचं मी बघते बाई, पर राती मला न्हाई जमायचं. लय जोर हाय त्यांच्यात." शेवटी ओवी म्हणाली, "मी आहे ना. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

अठरा वर्षांची पण नाही अजून.

४ डिसेंबर, सकाळ, कोल्हापूर

मुलाखत बरी झाली. एका साहेबांनी विचारलं, "घरची जबाबदारी सांभाळून बाहेरगावी राहाल का?" पुरुषांना विचारतात का हे? मी म्हणाले, राहीन. इतक्या पटकन म्हणाले की तेच चमकले.

पण लिहायचंय ते वेगळंच.

स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. लहानशी, कळकट. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. दार लावलं, आतून कडी घातली. आणि नुसती उभी राहिले. घरी कड्या मी बाहेरून लावते. आतून कधी लावली होती? अंघोळीला जातानासुद्धा दार नुसतं लोटते – आबा काय करतील नेम नाही.

चहा मागवला. तो गरम असतानाच संपवला. अजून एक मागवला. दिवे लागायच्या वेळेला जी झोपले, ते उजाडल्यावर जाग आली. मधे कुणी हाक मारली नाही. कशाचाही वास नव्हता.

उठले आणि रडायला आलं. कारण कळलं. मला अधिकारी व्हायचंच नाहीये! ती खुर्ची, तो मान – काही नको. मला ही खोली हवीय. आतून कडी असलेली. जिल्ह्याबाहेर, जिथून रोज संध्याकाळी घरी येता येत नाही.

त्या दिवशी पोटात हलली ती भीती नव्हती.

किती वाईट आहे मी. पण खरं हेच आहे.

४ डिसेंबर, घरी

ओवीचा ओठ सुजलेला.

आबांनी माझ्याशिवाय जेवायचं नाकारलं. ती भरवायला गेली तर ताटली तोंडावर मारली. रात्रभर दार बडवत होते – "माझ्या सुनंला बलवा! कुटं धाडली तिला?" ओवी दाराला पाठ लावून बसून राहिली. संदेश सकाळी पाळीवरून आला तेव्हा दोघंही तिथंच झोपलेली, दाराच्या अलीकडे ती, पलीकडे ते.

मी आल्यावर आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मला "आई" म्हणाले.

ओठाला हळद लावत होते तेव्हा ओवी हळूच म्हणाली, "तुझं झालं तर तू जा, आई. खरंच जा." आणि मग, मान खाली घालून, "पण मला पण ने."

११ डिसेंबर

निवड झाली. सगळ्या यादीत तिसरी! अरुंधती मॅडमनी उठून मिठी मारली. नेमणूक कुठं ते मागाहून कळेल. सांगली किंवा सोलापूर, असं म्हणतात.

ओवीला आधी सांगितलं. दोघींनी ठरवलं – परीक्षा होईपर्यंत तिनं इथं, मग माझ्याकडे. तिनं लगेच सांगलीतली कॉलेजं बघायला घेतली. आबांसाठी रात्रंदिवस राहील असा माणूस शोधायचा. वाढीव पगार सगळा तिकडं गेला तरी चालेल.

मला स्वतःची लाज वाटते आणि भूकही लागते. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१५ डिसेंबर, रविवार

आज संदेशशी बोलले. ओसरीवर आबांची नखं काढत होता. मी म्हणाले, "मला जायचंय."

त्यानं मान वर केली नाही. "एवढी हवीय का तुला ती जागा?"

इथं सांगायला हवं होतं. की जागा नाही हो, तुमच्या घरातून जरा सुटका हवीय. ओवीलाही हवीय. पण त्याच्या हातात आबांचा पंजा होता, एकेक नख जपून काढत होता.

"हो," म्हणाले. "सतरा वर्षं थांबलेय मी त्या जागेसाठी."

त्यानं पुढचं नख काढलं. मग म्हणाला, "तुझ्या हक्काचं आहे ते. आमच्यापायी तू सोडायचं नाहीस. बघतो मी. काळजी करू नको."

इतकं सोपं होतं? मला उगाच भीती वाटत होती. तो धरून ठेवेल असं वाटलं होतं. माणूस ओळखता येत नाही हेच खरं.

रात्री जुनी बॅग काढून उन्हात टाकायला वेगळी ठेवली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

नेमणुकीचं पत्र आलं. कामशेत शाखा.

कामशेत! इथून एक स्टेशन.

संदेशनं केलं हे. मला कंपनीचं काम सांगितलं आणि रजा टाकून कोल्हापूरला गेला. आबांचे डॉक्टरचे कागद घेऊन दोन दिवस साहेबांच्या दाराबाहेर बसून राहिला आणि जिल्ह्याबाहेरची अट माफ करून आणली. "तुला जागा पण मिळावी आणि घर पण सोडावं लागू नये," म्हणाला. माझ्यासाठी इतकं कुणी कधी केलं नव्हतं.

मुक्ताताई पेढे घेऊन आल्या. आबांना मीच भरवला. ओवीनं पेढा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत खोक्यात ठेवला.

मी संदेशला म्हणाले, "फार छान झालं."